पोथीच्या आधीचा शनिवार

वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं मानलं जातं. त्याची कारकीर्द साधारण इ.स. ७५६ ते ७७३. इथे डोंगर वरून खाली कोरला जात होता त्याच वर्षांत, ७६२ साली, खलिफा मन्सूरने तैग्रिसच्या काठी बगदाद वसवायला घेतलं, आणि तिथल्या ज्यूंमध्ये एक मोठा वाद पेटला. आनान बेन दाविद या विद्वानाचं म्हणणं होतं की मोशेची लिखित तोरा तेवढी प्रमाण. रब्बींनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घालून रचलेला तालमूद ही माणसांची निर्मिती आहे, ती डोक्यावर घ्यायचं कारण नाही. त्याच्या अनुयायांतून पुढे कराईट पंथ उभा राहिला. तो थोड्या संख्येने आजही टिकून आहे.

हा समकाल मला महत्त्वाचा वाटतो. वेरूळला बौद्धांचं काम संपत आलं होतं, जैनांचं अजून सुरू व्हायचं होतं. जगातल्या अतिप्राचीन धर्मांत ज्याची गणना होते त्या धर्मात मात्र आपण नेमके कशाने ज्यू ठरतो, हा प्रश्न त्या वेळीही सुटलेला नव्हता. ग्रंथाने? वंशाने? आचाराने? की ग्रंथाचा अर्थ लावणाऱ्यांच्या अधिकाराने?

मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. रायगड जिल्ह्यातल्या किनारपट्टीवर मराठी बोलणारा, तेलाचा घाणा चालवणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा एक समाज शतकानुशतकं राहत आला. शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं, म्हणवत. त्यांच्याविषयी गेल्या दोनशे वर्षांत मिशनऱ्यांनी, बगदादी ज्यूंनी, रब्बींनी आणि इतिहासकारांनी जे लिहिलं, त्यात एक सूर वारंवार ऐकू येतो: हे धर्म विसरलेले ज्यू होते, त्यांना तो पुन्हा शिकवावा लागला. मला हे मांडणं मुळातच चुकीचं वाटतं. ज्या मापाने त्यांना मोजलं ते माप ज्यू धर्माच्या इतिहासात बरंच उशिरा तयार झालं. ते दाखवायचं तर आधी तो इतिहास पाहिला पाहिजे.

परंपरेप्रमाणे सुरुवात अब्राहामापासून. एका देवाची हाक ऐकून तो घरदार सोडतो. त्याचा नातू याकोब हाच इस्राएल. त्याचे बारा मुलगे म्हणजे बारा वंश. मग मिसरातली गुलामी, मोशेच्या पाठोपाठ सुटका, सीनाय पर्वतावर नियमशास्त्र. ज्यू घराघरांत दरवर्षी वल्हांडणाच्या सणाला ही सुटकेची कथा सांगितली जाते आणि धर्माचा कणा तीच आहे. पुरातत्त्वाचा पुरावा मात्र तुटक आहे. ‘इस्राएल’ हे नाव पहिल्यांदा सापडतं ते मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचं, कनानमधल्या एका लोकसमूहाचं नाव म्हणून. पुढे उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा अशी दोन छोटी राज्यं दिसतात. त्यांचा देव याहवे. पण हे लोक पहिल्यापासून एकच देव मानत होते, असं उत्खननं सांगत नाहीत. सीनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद इथे इ.स.पू. ८०० च्या आसपासचे लेख मिळाले, त्यांत याहवेबरोबर अशेरा हे नाव जोडून येतं. कनानी परंपरेत अशेरा ही देवी. यहूदातल्या घरांच्या अवशेषांत स्त्रीरूपातल्या मातीच्या मूर्ती शेकड्यांनी निघाल्या आहेत. बायबलमधले संदेष्टे ज्या मूर्तिपूजेवर आसूड ओढतात, ती त्यांच्या अवतीभवती रोज चाललेली होती.

वेरूळ पाहिलेल्या माणसाने इथे थांबावं. भाजे आणि कार्ल्याच्या जुन्या चैत्यगृहांत नुसता स्तूप आहे, बुद्धाची मूर्ती नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्यात, त्याच स्तूपाच्या पुढ्यात भली मोठी बुद्धमूर्ती येऊन बसली आहे. चिन्हाकडून मूर्तीकडे असा तो प्रवास झाला. इस्राएलमध्ये तो उलटा झाला: मूर्तींच्या गर्दीतून निघून मूर्तिविहीन गाभाऱ्याकडे. दोन्ही ठिकाणी त्याला शतकं लागली, आणि तो पुरा झाल्यावरच नंतरच्या पिढ्यांनी ‘मूळचं’ कोणतं आणि ‘भ्रष्ट’ कोणतं हे ठरवलं.

या प्रवासाला वेग दिला तो पराभवांनी. इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरांनी उत्तरेचं राज्य बुडवलं. तिथले दहा वंश इतिहासातून नाहीसे झाले आणि दंतकथेत शिरले. यहूदा उरलं. तिथे ६२२ मध्ये योशिया राजाच्या काळात यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना नियमांचं एक पुस्तक सापडल्याची हकीकत बायबलमध्येच आहे. राजाने ते ऐकून कपडे फाडले, गावोगावची पूजास्थानं मोडली आणि यज्ञ फक्त यरुशलेममध्ये व्हावेत असा दंडक घातला. बहुतेक अभ्यासक ते पुस्तक म्हणजे बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाचा गाभा मानतात. जर्मन पंडित युलियुस वेलहाउझेन याने १८७८ मध्ये मांडलं की तोरा वेगवेगळ्या काळांतल्या चार धाग्यांतून विणली गेली. त्याच्या तपशिलांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण ग्रंथ एका बैठकीत एका हातून उतरला नाही, हे अभ्यासकांत आता जवळपास सर्वमान्य आहे.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं आणि यहूदातल्या प्रतिष्ठितांना नेऊन बाबेलमध्ये वसवलं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे देव हरला होता. त्याची माणसं दुसऱ्या देवाच्या मुलखात विरघळून जायला हवी होती. निर्वासितांमधल्या संदेष्ट्यांनी याच्या उलट विचार केला. आपला देव हरलेला नाही, सगळ्या राष्ट्रांचा तोच एक देव आहे आणि ही शिक्षा त्यानेच दिली. यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धात हा एकेश्वरवाद पहिल्यांदा इतका स्पष्ट बोलतो. जिथे मंदिर नाही तिथे पाळता येतील अशा गोष्टी पुढे आल्या: शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता, खाण्यापिण्याचे नियम. धर्म दगडी वास्तूतून सुटून दिवसांत आणि शरीरात आला. माझ्या मते ज्यू धर्माचा खरा जन्म शोधायचा तर तो इथे शोधावा.

पारसिक सम्राट कुरुश याने ५३८ मध्ये परतायची मुभा दिली, ५१५ च्या सुमारास दुसरं मंदिर उभं राहिलं. पाचव्या शतकात एज्रा शास्त्र्याने यरुशलेमच्या जलवेशीसमोर लोकांना जमवून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखवलं, आणि मंदिरसेवेतले लेवी जमलेल्या लोकांमध्ये फिरून अर्थ समजावत होते, असं नहेम्याच्या ग्रंथात वर्णन आहे. मूळ वाचायचं आणि लोकांच्या बोलीत त्याचा उलगडा करायचा, ही रीत तिथून पुढे चालत आली.

पण त्याच शतकात मिसरमध्ये नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर ज्यू सैनिकांची वसाहत होती, आणि त्यांचं तिथे याहोचं, म्हणजे याहवेचं, स्वतःचं मंदिर होतं! यरुशलेमबाहेर मंदिर असू नये, हे त्यांना ठाऊक असल्याची खूण त्यांच्या कागदपत्रांत नाही. ते मंदिर पाडलं गेल्यावर पुन्हा बांधायची परवानगी मागायला त्यांनी इ.स.पू. ४०७ मध्ये यहूदाच्या सुभेदाराला अर्ज लिहिला. यरुशलेमच्या मुख्य याजकालाही पत्र धाडलं होतं, असं त्यातच नमूद आहे. या लोकांना कुणी धर्म विसरलेले म्हणत नाही. ते एका जुन्या टप्प्यावर होते, एवढंच.

पुढचं थोडक्यात. ग्रीक आले, तोरेचं ग्रीक भाषांतर झालं. अंतिओखस चौथ्याने मंदिर विटाळलं, मक्काबी भावांनी बंड करून इ.स.पू. १६४ मध्ये ते शुद्ध केलं; हनुक्का हा सण त्या घटनेचा. मग रोमन. इ.स.पू. ६३ मध्ये सेनापती पाँपे मंदिराच्या परमपवित्र स्थानात घुसला तेव्हा आत काहीच नव्हतं, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. इ.स. ७० मध्ये टायटसने तेही मंदिर जाळलं आणि ते पुन्हा कधी उभं राहिलं नाही.

त्यानंतरची उभारणी रब्बींची. यरुशलेमच्या वेढ्यातून योहानान बेन जक्काई शवपेटीत लपून बाहेर पडला आणि यावने गावात त्याने पाठशाळा सुरू केली, अशी परंपरा सांगते. यज्ञाची जागा प्रार्थनेने घेतली, वेदीची जागा घरातल्या जेवणाच्या मेजाने, याजकाची जागा पंडिताने. इ.स. २०० च्या सुमारास यहूदा हनासी याने तोंडी परंपरा मिश्नामध्ये बांधली. तिच्यावरच्या चर्चांतून आधी यरुशलेमचा आणि मग, सहाव्या शतकाच्या आगेमागे, बाबेलचा तालमूद सिद्ध झाला. लग्न कसं लागावं, घटस्फोटाचा कागद कसा असावा, ज्यूपण आईकडून येतं की बापाकडून, हे सगळं काटेकोर झालं ते या टप्प्यावर. बायबलमधल्या वंशावळी बापाच्या नावाने चालतात. आईवरून ज्यूपण ठरवण्याचा नियम रब्बींच्या काळात पक्का झाला. बगदादमध्ये आनानने ज्याविरुद्ध दंड थोपटले ते हेच.

आता कोकणात यायला हरकत नाही.

बेने इस्राएलांची आठवण अशी: फार पूर्वी पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं. धर्माची पुस्तकं समुद्रात गेली. वाचलेल्यांनी आसपासच्या गावांत आसरा घेतला आणि गावांवरून आडनावं पडली: नवगावकर, केहिमकर, दिवेकर, पेणकर, झिराडकर, राजपूरकर, रोहेकर, अष्टमकर. कुणी या पूर्वजांना दहा हरवलेल्या वंशांशी जोडतं, कुणी अंतिओखसच्या छळातून इ.स.पू. १७५ च्या सुमारास पळालेल्या गालीलकरांशी, कुणी येमेन किंवा इराणहून बऱ्याच नंतर आलेल्या व्यापाऱ्यांशी.

दुसऱ्या मताच्या बाजूने एक लक्षात घेण्यासारखा मुद्दा मांडला जातो: कोकणातल्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता. इ.स.पू. १६४ च्या आधी निघालेल्यांना तो कसा ठाऊक असणार? मुद्दा चांगला आहे, पण निर्णायक नाही. आठवण तुटूही शकते. तिसऱ्या मताला व्यापाराचा भूगोल साथ देतो. चौल हे फार जुनं बंदर. नवव्या शतकातला इब्न खुर्दाधबेह राधानी नावाच्या ज्यू व्यापाऱ्यांचं वर्णन करतो: फ्रँकांच्या मुलखातून निघून सिंध, हिंद, चीनपर्यंत जाणारे, अरबी, फारसी, ग्रीक, स्लाव भाषा बोलणारे. तोच लेखक हिंदच्या राजांत बल्हारा सर्वांत थोर असं सांगतो, आणि बल्हारा म्हणजे आपले राष्ट्रकूट, ज्यांनी कैलास कोरवलं. अरब प्रवाशांनी ज्याला सैमूर म्हटलं ते चौल याच बल्हाराच्या मुलखात होतं. बाराव्या शतकात ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी अब्राहाम बेन यिजू मंगळूरला १७ वर्षं राहिला, पितळेचा कारखाना चालवला. त्याची पत्रं कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या कागदकोठीत सापडली. पश्चिम किनाऱ्यावर ज्यू येत-जात होते यात शंका नाही. जनुकीय अभ्यासही हेच सुचवतात की बेने इस्राएलांमध्ये पश्चिम आशियाई ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे मिसळलेले आहेत. माझा कल एकाच गलबताऐवजी अनेक लाटांकडे आहे, पण सात जोडप्यांची कथा मी खोटी ठरवणार नाही. समाज स्वतःला कशातून वाचलेला समजतो हे ती सांगते, आणि नेमकी हीच गोष्ट सगळ्या ज्यू इतिहासाच्या मुळाशी आहे.

लेखी पुरावा उशिरा मिळतो. मैमोनिदेस हा बाराव्या शतकातला महापंडित. त्याचा भाऊ दाविद व्यापारासाठी निघालेला असताना हिंदी महासागरात बुडाला होता. आयुष्याच्या अखेरीस फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात तो हिंदमधल्या ज्यूंचा उल्लेख करतो: त्यांना लिखित तोरा माहीत नाही, शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता तेवढी ते पाळतात. हे कोकणातल्यांविषयीच असेल असं ठामपणे म्हणता येत नाही, पण वर्णन जुळतं. निःसंदिग्ध नोंद १७३८ ची, सार्टोरियस या मिशनऱ्याची. सुरत आणि राजपुरीच्या भागात स्वतःला बेने इस्राएल म्हणवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे ग्रंथ नाही, हिब्रू येत नाही, फक्त ‘शमा’ हा शब्द ठाऊक आहे, असं त्याने लिहून ठेवलं.

‘फक्त’ म्हणावं असं त्यात काही नाही. शमा म्हणजे देव एक आहे हे सांगणारी प्रार्थना. ज्यू माणसाने मरताना ओठांवर ठेवावी असं मानतात ती. शब्बाथ, सुंता, खवले नसलेले मासे वर्ज्य, आणि शमा. बाबेलच्या निर्वासितांनी मंदिर गेल्यावर जे हाती धरलं त्याच्याशी ही यादी ताडून पाहा. दाविद राहबी नावाच्या परदेशी ज्यूने बेने इस्राएलांना ओळखलं ते कसं, याचीही गोष्ट आहे. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली आणि त्यांनी पर-खवल्यांची मासळी तेवढी निवडून बाकीची बाजूला सारली. राहबी कधी आला, याबद्दल दहाव्या-अकराव्या शतकापासून अठराव्यापर्यंत मतं आहेत. कोचीनच्या राहबी घराण्याशी त्याचा संबंध जोडणारं अठराव्या शतकाचं मत मला अधिक पटतं. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतले तिघे निवडून शिकवले, तेच पुढे समाजाचे काजी, म्हणजे धर्मप्रमुख, झाले असं सांगतात. यातली मला सर्वांत मोलाची गोष्ट ही की परीक्षा स्वयंपाकघरात झाली. ज्या बायकांना एक अक्षर हिब्रू येत नव्हतं त्यांनी लेवीयच्या अकराव्या अध्यायातला नियम हातांनी जपला होता.

सणांची नावं मराठी होती. वर्षारंभाला नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफळणीचा सण, मंदिराच्या नाशाच्या दुखवट्याला बिरड्याचा सण. त्याखेरीज खिरीचा सण. एलियाहू हनबी, म्हणजे संदेष्टा एलिया, हा कोकणी ज्यूंचा खास श्रद्धाविषय. अलिबागजवळ खंडाळ्याला एका कातळावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात आणि लोक तिथे नवस फेडायला जातात. नवस फेडताना, लग्नाआधी, प्रवासाला निघताना मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहूचं गीत. यात उरुसाची, सत्यनारायणाच्या प्रसादाची छटा आहे का? आहे. त्याचबरोबर बेने इस्राएलांमधले अभ्यासक त्यात यरुशलेमच्या मंदिरातल्या अन्नार्पणाची आठवण पाहतात. दोन्ही खरं असू शकतं. विधवाविवाह न करणं, गोमांस टाळणं, गोरे आणि काळे इस्राएल असा आतला भेद मानणं, हेही शेजारातूनच आलं. शेवटची गोष्ट मला दुखवते. ज्यांच्या आया समाजाबाहेरच्या होत्या त्यांच्या वंशजांना ‘काळे’ म्हणून वेगळं बसवलं गेलं, आणि पुढे तोच प्रकार दुसऱ्यांनी साऱ्या बेने इस्राएलांच्या बाबतीत केला.

इथे थोडं वाकडं वळण घेतो, कारण ते वेरूळच्या शेजारून जातं. सतराव्या शतकात सर्मद नावाचा फारसी ज्यू व्यापारी सिंधमध्ये आला, वैराग्य घेऊन फकीर झाला. ‘दबिस्तान-ए-मजाहिब’ हा त्या काळचा सर्व धर्मांचा आढावा घेणारा फारसी ग्रंथ. त्याच्या लेखकाला सर्मद १६४७ मध्ये हैदराबादला भेटला, आणि ग्रंथातलं ज्यू धर्मावरचं प्रकरण सर्मदने सांगितलेल्या माहितीवर उभं आहे. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या सुरुवातीचा फारसी अनुवाद त्याचा शिष्य अभयचंद याने केला. दाराशुकोहच्या वर्तुळातल्या या फकिराचा औरंगजेबाच्या राज्यात दिल्लीला शिरच्छेद झाला. तो औरंगजेब लेण्यांपासून थोड्याच अंतरावर खुलताबादला पुरला आहे. दख्खनमध्ये बसून ज्यू धर्माची पद्धतशीर ओळख करून देण्याचा हा मला माहीत असलेला सर्वांत जुना प्रयत्न, आणि त्याच काळी कोकणातले ज्यू ग्रंथाविना घाणे चालवत होते. एकमेकांना ते ठाऊक नव्हते.

अठराव्या शतकाअखेर बेने इस्राएल कंपनीच्या पलटणींत भरती होऊन मुंबईला आले. त्यांतला सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, टिपूच्या कैदेतून सुटला आणि कृतज्ञतेने त्याने १७९६ मध्ये मांडवीला मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधलं. बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणत. ती जुनी मशीद. मग कोचीनहून शिक्षक आले, त्यांत श्लोमो शुराबीचं नाव आदराने घेतलं जातं. रेवदंड्याला, अलिबागला, पनवेलला, पेणला सिनेगॉग उभी राहिली.

आणि मग पुस्तक आलं, तेही मराठीतून. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांना हे लोक ख्रिस्ती व्हायला हवे होते. त्यासाठी त्यांनी शाळा काढल्या, जुना करार मराठीत आणला. त्यांतल्या जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. बेने इस्राएलांनी पुस्तकं घेतली, हिब्रू शिकली, आणि धर्मांतर अगदी थोड्यांनी केलं. बाकीच्यांना आपण काय होतो ते त्या पुस्तकांत सापडलं. विल्सनच्या कामाचा हेतू मला मान्य नाही, पण त्याचं ऋण नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मराठीत जे घडलं त्याला मी दुसऱ्या एज्राचं काम म्हणेन. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. पुण्याला १८७४ मध्ये छापलेल्या हग्गादाच्या, म्हणजे वल्हांडणाला वाचायच्या पोथीच्या, चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका मराठमोळं लुगडं नेसलेल्या आहेत. मिसरातून सुटलेली माणसं तिथे आपल्या ओळखीची दिसतात. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी अब्राहाम, मोशे, योसेफ यांच्या कथांची कीर्तनं रचली. साकी, दिंडी, आर्या, ओवी या वृत्तांत तोरा गायली गेली. हरिदासाचा बाज जसाच्या तसा, आख्यान सीनायचं. लेवींनी जलवेशीसमोर जे केलं ते इथे टाळ-झांजेच्या साथीने झालं. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली आणि आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो १८९७ मध्ये पुरा झाला आणि छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

एवढं होऊनही मापं बदलली नाहीत. डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईला आला. त्याने आणि त्याच्यामागून आलेल्या इतर श्रीमंत बगदादी ज्यूंनी भायखळ्याला आणि पुण्याला (लाल देऊळ, १८६७) वैभवी सिनेगॉग बांधली. आरंभी ते बेने इस्राएलांच्याच आसऱ्याने प्रार्थना करत. मग १८३६ मध्ये त्यांच्यातल्या प्रमुखांनी दफनभूमीत मधोमध भिंत घालून मिळावी असा अर्ज सरकारला केला. प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत बेने इस्राएलांना मोजायला पुढे खळखळ होऊ लागली. दुसऱ्या टोकाला, बेने इस्राएलांमधूनच १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने उदारमतवादी ज्यूइश रिलिजस युनियन उभी राहिली. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली सुधारणेची चळवळ अशी मुंबईला पोचली. केवळ आचारावर टिकलेल्या समाजाने दीडशे वर्षांत सिनेगॉग, ग्रंथ, अनुवाद, भाष्य आणि सुधारणा हे सगळे टप्पे ओलांडले. बाकी ज्यू जगाला त्यासाठी अडीच हजार वर्षं लागली.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले, आणि जुना प्रश्न तिथे कायद्याच्या भाषेत समोर आला. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे रब्बींच्या अधिकृत धर्मपीठाने, निर्देश काढला: बेने इस्राएल आणि इतर ज्यू यांचं लग्न लावताना वंश शक्य तितका मागेपर्यंत तपासावा, विशेषतः आईकडून. आक्षेप दोन. पूर्वी परक्यांशी लग्नं झाली असतील. आणि घटस्फोट रब्बींच्या नियमाप्रमाणे झाले नसतील, म्हणजे पुढची संतती सदोष. कोकणात घटस्फोटित आणि विधवा जवळजवळ लग्नच करत नसत, ही साधी गोष्ट या शंकेला पुरेसं उत्तर होती, पण तो प्रश्न बाजूला ठेवू. तालमूदचा कायदा ज्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता, त्यांच्या आजीच्या आजीला त्या कायद्याने तपासायचं, हा इतिहासाचा विपर्यास होता. इथिओपियाच्या ज्यूंच्या वाट्याला पुढे हेच आलं. त्यांच्याकडे तोरा होती, तालमूद नव्हता. बेने इस्राएलांनी निदर्शनं केली, धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. रब्बीनेटला निर्देशातला त्यांचा नामोल्लेख काढावा लागला.

त्या ठरावाने हक्क मिळाले, पण विद्वत्तेतली सवय अजून गेलेली नाही. आजही परिचयपर लेखांत बेने इस्राएलांचा इतिहास राहबीपासून सुरू होतो, जणू त्याआधी होतं ते अंधारातलं काही. एलिफंटाइनच्या सैनिकांना जो न्याय मिळतो तो नवगावकरांना मिळायला हवा. अभ्यासाची कामंही पडून आहेत. एकोणिसाव्या शतकातली कीर्तनं, मराठी प्रार्थनापुस्तकं, समाजाची नियतकालिकं हे सगळं मराठी वाङ्मयाच्या इतिहासात यायला हवं. आपल्या विद्यापीठांत संतसाहित्य शिकवणाऱ्यांनी मोशेचं आख्यान लावणाऱ्या हरिदासाची दखल घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

२०११ च्या जनगणनेत भारतभर ज्यू साडेचार हजारांच्या आसपास भरले, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. इस्राएलमध्ये अश्दोद, दिमोना, बेरशेबा, लोद या गावांत मराठी कुटुंबं आहेत, ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. लग्नाआधी तिथे मलिदा होतो, पोहे भिजतात, एलियाहू हनबीचं नाव घेतलं जातं. ज्या रिवाजाला एके काळी हिंदूंची उसनवारी म्हणून नाकं मुरडली गेली, त्याच रिवाजावरून तिथे आता बेने इस्राएल घर ओळखलं जातं.